सरकारी ताफ्यासाठी पर्यायी इंधन: आधी कामाचा हिशेब, मग इंधनाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका सार्वजनिक संस्थेकडे अधिकाऱ्यांच्या मोटारी, पिकअप, कचरागाड्या, बस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहने असा मिश्र ताफा आहे. येत्या काही वर्षांत त्यातली बरीच वाहने निर्लेखनाला येतील, म्हणजे सेवेतून काढावी लागतील. त्यांच्या जागी सीएनजी घ्यावे, वीज, जैवइंधन की हायड्रोजन? आणि खर्चाची व उत्सर्जनाची तुलना कशी मांडावी, म्हणजे ती लेखापरीक्षणात टिकेल आणि हवेतही खरा फरक पडेल?

माझ्या मते सुरुवात इंधनापासून करूच नये. सगळ्या ताफ्यासाठी सर्वांत चांगले असे एक इंधन नसते. चांगले-वाईट ठरते ते एकेका कामासाठी. गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते, इंजिन चालू ठेवून किती तास जागेवर उभी राहते आणि रात्री कुठे मुक्कामाला असते, या तीन गोष्टी हाताशी आल्या की निम्मा निर्णय झालेला असतो. तरीही बहुतेक प्रस्ताव उलट्या बाजूने लिहिले जातात. आधी इंधन ठरते, मग त्याला शोभतील असे आकडे गोळा होतात.

म्हणून पहिले काम ताफ्याची वाटणी करण्याचे, आणि ती मॉडेलनुसार न करता कामानुसार. एकाच मॉडेलच्या दोन पिकअप असतात. एक दिवसभर जलवाहिन्यांच्या गळत्या शोधत फिरते, दुसरी आठवड्यातून दोनदा भांडारातून सामान आणते. दोघींना तक्त्याच्या एकाच ओळीत बसवले की सरासरी निघते, पण ती दोघींपैकी एकीलाही लागू पडत नाही. अशी वाटणी करताना आणखी एक गोष्ट उघड होते: काही गाड्यांची गरजच उरलेली नसते. जिचे काम दुसऱ्या गाडीत सामावते ती गाडी कमी करणे, हा खर्च आणि उत्सर्जन दोन्हींच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय आहे. इंधनांच्या तुलनेत तो कुठेच दिसत नाही, म्हणून तुलनेला बसण्याआधीच तो करून टाकावा.

नोंदींबाबत कडक राहा. लॉगबुकात महिनाभर रोज ४५ किलोमीटर असा एकच आकडा दिसला, तर तो मीटर बघून लिहिलेला नाही हे नक्की. इंधनाच्या पावत्या, मीटरची वाचने आणि जीपीएसची नोंद शेजारीशेजारी ठेवा. भरलेले लिटर, धावलेले किलोमीटर आणि इंजिनाचे तास असे तीन रकाने करा. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो, आणि सर्वांत जास्त माहिती त्यातच असते. जड वाहनाचे इंजिन नुसते उभ्या जागी चालू राहिले तरी तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते. गस्तीची गाडी एसी आणि वायरलेससाठी इंजिन चालू ठेवते, दिव्यांच्या दुरुस्तीची गाडी वर चढणाऱ्या पाळण्यासाठी, कचरागाडी कचरा दाबण्याच्या यंत्रासाठी. अशा गाडीचे ॲव्हरेज वाईट दिसते, पण त्यात दोष चालकाचाही नसतो आणि इंजिनाचाही. त्या कामाचे स्वरूपच तसे आहे. विजेच्या गाडीत उभ्या जागी मोटर वीज घेत नाही, फक्त एसी आणि उपकरणे घेतात. त्यामुळे कंपनीच्या माहितीपत्रकातले ॲव्हरेज धरून तुलना केलीत, तर जिथे बचत सर्वांत जास्त आहे नेमक्या त्याच गाड्या हिशेबात मागे पडतात.

काय मोजायचे हेही आधी ठरवा. पर्यायी इंधनाची अमुक इतकी वाहने घेतली, हे उद्दिष्ट मोजायला सोपे आणि म्हणूनच फसवे. अमेरिकेत १९९२ च्या ऊर्जा कायद्याने केंद्र सरकारच्या खात्यांना मोठ्या शहरी भागांतल्या हलक्या वाहनांच्या नव्या खरेदीत ७५ टक्के वाहने पर्यायी इंधनावर चालू शकणारी घेण्याचे बंधन घातले. खात्यांनी पेट्रोल आणि ई-८५ (मुख्यतः इथेनॉल असलेले मिश्रण) अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने घेतल्या. नियम पाळला गेला, पण ई-८५ चे पंप जवळ नसल्याने त्यातल्या पुष्कळ गाड्या साध्या पेट्रोलवरच धावत राहिल्या. शेवटी २००५ च्या कायद्यात अशा गाड्यांमध्ये पर्यायी इंधनच भरले पाहिजे असे लिहावे लागले, आणि इंधन मिळत नसेल तिथे सूटही द्यावी लागली. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज होणारी बॅटरीही असलेल्या मोटारींची गोष्टही याच वळणाची. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांच्या स्वतःच्या यंत्रणेत नोंदलेल्या इंधनवापराचे आकडे मांडले, तेव्हा या मोटारींचे रस्त्यावरचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले, कारण त्या गृहीत धरल्याइतक्या चार्ज होत नव्हत्या. अधिकाऱ्याच्या मोटारीला घरी चार्जर नसेल आणि इंधन संस्थेच्या कार्डावर मिळत असेल, तर वेगळे काही घडण्याचे कारण नाही. मोजायचे ते टाकीत किंवा बॅटरीत प्रत्यक्ष काय गेले हे.

आता खर्च. खरेदीची किंमत, इंधन किंवा वीज, देखभाल, टायर, विमा, पंपाची किंवा चार्जिंगची उभारणी, कार्यशाळेतले बदल, प्रशिक्षण आणि शेवटी लिलावातून परत येणारी रक्कम, असा पूर्ण आयुष्याचा खर्च काढायचा असतो, हे बहुतेकांना माहीत आहे. अडचण वेगळीच असते. सरकारी कामकाजात गाडी भांडवली लेखाशीर्षातून येते आणि इंधन-देखभाल महसुली लेखाशीर्षातून जाते. जादा पैसे पहिल्यात मागावे लागतात, बचत दुसऱ्यात होते, आणि दोन्ही फायली वेगवेगळ्या टेबलांवर असतात. यावर उपाय एकच: प्रस्तावातच दोन्ही लेखाशीर्षांचा वर्षवार तक्ता जोडा. पुढे बचत होईल या वाक्याने वित्त विभागाचे समाधान होत नाही. अमुक वर्षापासून इंधनाच्या तरतुदीतून इतकी रक्कम कमी करावी, असे लिहिले की होते. ते लिहिण्याची तयारी नसेल तर बचतीच्या आकड्यावर आपलाच विश्वास नाही असे समजावे.

हिशेबाचा गाभा साधा आहे. जादा खरेदी किंमत भागिले किलोमीटरमागची बचत, म्हणजे किती किलोमीटरला जादा पैसे फिटतात ते. समजा हा आकडा २ लाख ४० हजार किलोमीटर आला. वर्षाला ६० हजार किलोमीटर धावणारी बस तो ४ वर्षांत गाठते. तेच प्रमाण असलेली, पण वर्षाला ६ हजार किलोमीटर धावणारी गाडी ४० वर्षांत गाठेल, म्हणजे कधीच नाही. दोन्हींचे इंधन, तंत्रज्ञान, कंपनी सगळे एकच असूनही. याउपर पुढच्या वर्षांतली बचत आजच्या मूल्यावर आणताना कोणता व्याजदर धरला ते स्पष्ट लिहा, कारण खर्च आज आणि बचत पुढे अशा प्रत्येक पर्यायाचे भवितव्य त्या दरावर हलते.

इंधनांचे भाव तुलनेत घेताना लिटर, किलो आणि युनिट (म्हणजे एक किलोवॅट-तास वीज) यांची गल्लत होऊ देऊ नका. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ९, इथेनॉलमध्ये जेमतेम ६. एका किलो सीएनजीत १३ च्या आसपास आणि एका किलो हायड्रोजनमध्ये ३३. इथेनॉल लिटरमागे स्वस्त दिसले तरी त्याच अंतराला ते जास्त लागते. मात्र ऊर्जेमागचा भाव हीसुद्धा अर्धीच पायरी आहे, कारण इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवते आणि विजेची मोटर फार थोडी. शेवटचा आकडा नेहमी किलोमीटरमागचा, आणि कचरागाडीसाठी फेरीमागचा किंवा टनामागचा.

सरकारी संस्थेला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, जो खासगी कंपनीला पडत नाही: इंधनावरच्या कराचे काय? संस्थेने भरलेला कर शेवटी सरकारच्याच तिजोरीत जातो. म्हणून हिशेब दोनदा करावा, एकदा संस्थेच्या खिशातून जाणाऱ्या रकमेवर आणि एकदा कर आणि अनुदाने बाजूला ठेवून. दोन्हींची उत्तरे एकच आली तर निर्णय पक्का. वेगळी आली तर कर आणि अनुदाने बदलल्यावर तो निर्णय उलटू शकतो, एवढे तरी आधी कळते.

देखभालीत विजेच्या गाडीला इंजिन ऑइल, इंधन फिल्टर, क्लच, सायलेन्सर यांचा खर्च नसतो, आणि ब्रेक कमी झिजतात कारण वेग कमी करताना मोटरच ऊर्जा परत घेते. वजन जास्त असल्याने टायर मात्र लवकर झिजतात, ते धरायला विसरू नका. दुसऱ्या बाजूला आधुनिक डिझेल गाडीच्या देखभालीचा आकडा जुन्या गाड्यांच्या नोंदींवरून काढू नका. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला धूर पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, जोरात चालावी लागते. गल्लीबोळातून दर वीस-पंचवीस मीटरला थांबणाऱ्या गाडीच्या नशिबी ते नसते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी आगारात उभी करून इंजिन चढ्या गतीने चालवत फिल्टर जाळून घ्यावा लागतो, तेवढा वेळ फेरी बंद, आणि डिझेल वेगळे जाते. दिव्याकडे दुर्लक्ष झाले तर इंजिनाची शक्ती आपोआप कमी केली जाते आणि गाडी ओढून आणावी लागते. कमी अंतराच्या, रखडत चालणाऱ्या कामांसाठी विजेच्या बाजूने उभे राहणारे हे मोठे कारण आहे, आणि उत्सर्जनाशी त्याचा संबंध नाही.

चार्जिंगचा खर्च हा सर्वांत जास्त चुकवला जाणारा आकडा, कधी फार कमी धरून तर कधी फार जास्त. एक उदाहरण घेऊ. ५० बसचे आगार आहे. प्रत्येक बस दिवसाला १५० किलोमीटर धावते आणि चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला १.३३ युनिट घेते, म्हणजे दिवसाला सुमारे २०० युनिट. बस रात्री ११ ला येते, पहाटे ५ ला निघते, हातात ६ तास. म्हणजे प्रत्येक बसला सरासरी ३३ किलोवॅट पुरतात आणि सगळ्या आगाराला साधारण १.७ मेगावॅट. हेच आगार प्रत्येक बसला १२० किलोवॅटचा चार्जर लावून, येईल तशी बस जोडून पूर्ण वेगाने चालवले, तर मागणी ६ मेगावॅटपर्यंत जाऊ शकते. वीजवापर दोन्हीकडे सारखाच. पण रोहित्र, केबल आणि मागणी आकार (कमाल वीजमागणीवर लागणारी रक्कम) यांत साडेतीन पटींचा फरक पडतो. त्यामुळे कोणत्या बसला कधी किती वीज द्यायची हे ठरवणारी यंत्रणा निविदेत पहिल्या दिवसापासून असावी. वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज गाड्यांच्या मागणीपत्राआधी गेला पाहिजे. गाड्या येऊन उभ्या आणि रोहित्र नाही, अशी स्थिती आली तर बचतीचे पहिले वर्ष वाया जाते. चीनमधल्या शेनझेनने २०१७ अखेर १६ हजारांहून अधिक बसचा सगळा ताफा विजेवर आणला, तेव्हा बस विकत घेण्याऐवजी भाडेपट्ट्याने घेतल्या. एवढी मोठी जादा किंमत एकाच वर्षाच्या अर्थसंकल्पावर न पडता आयुष्यभरात वाटली गेली. वर सांगितलेल्या दोन लेखाशीर्षांच्या अडचणीवरही हा चांगला मार्ग आहे.

उत्सर्जनाकडे वळताना आधी हद्द ठरवा. धुराड्यातून बाहेर पडते तेवढेच मोजायचे, की इंधन जमिनीतून काढल्यापासून चाकापर्यंतचे सगळे? गाडी आणि बॅटरी बनवतानाचे धरायचे की नाही? संस्थेच्या वार्षिक अहवालात बहुधा थेट उत्सर्जन आणि विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन असे दोन रकाने असतात. गाडी विजेवर गेली की पहिला रकाना शून्य होतो आणि भार दुसऱ्यात जातो. फक्त पहिला रकाना दाखवणे चूक आहे. निर्णयासाठी इंधनाची संपूर्ण साखळी धरावी, आणि कमी धावणाऱ्या गाड्यांसाठी बॅटरीचे उत्पादनही.

आधारभूत आकडे असे. एक लिटर डिझेल जळले की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा २.३१ किलो. उत्खनन, शुद्धीकरण आणि वाहतूक धरली की यात साधारण पाचव्या हिश्श्याची भर पडते. १०० किलोमीटरला ४० लिटर घेणारी शहरी बस तेवढ्या अंतरात धुराड्यातून १०७ किलो सोडते, साखळीसह सुमारे १२८.

सीएनजीचे गणित नीट बघण्यासारखे आहे. ऊर्जेच्या हिशेबाने नैसर्गिक वायूतून डिझेलपेक्षा सुमारे चौथा हिस्सा कमी कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि जाहिरातीत हाच आकडा असतो. पण सीएनजीचे ठिणगीवर चालणारे इंजिन डिझेल इंजिनाइतके कार्यक्षम नसते. बसला १२ टक्के जास्त ऊर्जा लागते असे धरले तर तीच बस १०० किलोमीटरला सुमारे ३४ किलो वायू घेते आणि ९० किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. फायदा उरला १७ किलोचा. साखळीतली बाकीची भर दोन्हीकडे साधारण सारखी धरू. आता गळती. वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालानुसार जीवाश्म (जमिनीखालून काढलेल्या) मिथेनचा तापवण्याचा परिणाम १०० वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट, तर २० वर्षांच्या काळात ८२ पटींहून अधिक असतो. विहिरीपासून इंजिनापर्यंत १ टक्का वायू निसटला तर ०.३४ किलो मिथेन, म्हणजे १०० वर्षांच्या मापाने १० किलोची भर. २ टक्के निसटला की फायदा संपला. २० वर्षांच्या मापाने बघितले तर १ टक्का गळतीच पुरेशी आहे. त्यामुळे हवामानबदलाच्या कारणासाठी जीवाश्म सीएनजीवर जाण्याची शिफारस मी करत नाही.

याचा अर्थ सीएनजी कधीच योग्य नव्हते असा नाही. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सार्वजनिक बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, तो शहराच्या हवेतल्या काळ्या धुरासाठी होता, आणि त्या काळच्या डिझेल बसच्या तुलनेत तो योग्यच होता. प्रश्न कोणता सोडवायचा आहे ते आधी स्पष्ट हवे. शिवाय वायूचा स्रोत बदलला की हिशेब पार पालटतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला किंवा ओल्या कचऱ्यातला वायू शुद्ध करून त्याच गाडीत भरला, तर जो मिथेन एरवी हवेत गेला असता तोच इंधन होतो. ज्या संस्थेकडे ताफाही आहे आणि कचरा व सांडपाण्याची जबाबदारीही, तिने आपल्या वायूचे मोजमाप केल्याशिवाय सीएनजीचा पर्याय खोडू नये. किती वायू मिळतो तेवढ्याच गाड्या त्यावर घ्याव्यात, जास्त नाही.

विजेच्या गाडीचे उत्सर्जन म्हणजे तिच्या विजेचे उत्सर्जन. युनिटमागे ७०० ग्रॅमची, कोळशाचा भर असलेली वीज धरली तर वरच्या आगारातल्या विजेच्या बसचे १०० किलोमीटरचे उत्सर्जन ९३ किलो येते, डिझेलच्या १२८ च्या तुलनेत सुमारे २७ टक्के कमी. वीज २०० ग्रॅमची असेल तर २७ किलो, म्हणजे जवळपास ८० टक्के कमी. आज घेतलेली बस दहा-बारा वर्षे चालेल, म्हणून आजचा एकच आकडा न धरता तेवढ्या वर्षांत वीज किती स्वच्छ होत जाईल याचा सावध अंदाज धरावा. चार्जिंग कोणत्या वेळेला होते यानेही फरक पडतो; दुपारी उभ्या असणाऱ्या कार्यालयीन गाड्या सौरविजेच्या वेळेत चार्ज करता येतात, बसना ती सोय कमी.

बॅटरीच्या उत्पादनाचा प्रश्न मोटारींमध्ये खरा टोचतो. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे ८० किलो उत्सर्जन धरले तर ५० किलोवॅट-तासांची मोटार ४ टनांचे कर्ज घेऊन रस्त्यावर येते. पेट्रोल मोटार साखळीसह किलोमीटरला १८० ग्रॅम सोडते असे माना. ७०० ग्रॅमच्या विजेवर इलेक्ट्रिक मोटारीचे होतात ११९, म्हणजे कर्ज फिटायला सुमारे ६५ हजार किलोमीटर. २०० ग्रॅमच्या विजेवर २७ हजार किलोमीटर. वर्षाला २५ हजार किलोमीटर धावणारी मोटार पहिला आकडाही अडीच-तीन वर्षांत ओलांडते. वर्षाला ५ हजार धावणाऱ्या मोटारीला १३ वर्षे लागतील. आणि बहुतेक ठिकाणी पहिली इलेक्ट्रिक मोटार जाते ती कमी धावणाऱ्या वरिष्ठांच्या सेवेत, कारण ती दिसते. ती क्षेत्रीय निरीक्षकांना द्या. वरिष्ठांसाठी सामायिक गाड्यांची व्यवस्था करा.

जैवइंधनात कार्बनचा हिशेब सर्वांत निसरडा. रोपाने हवेतून घेतलेला कार्बन पुन्हा हवेत जातो म्हणून धुराड्यातला आकडा शून्य धरतात. पण ते रोप कुठे वाढले, त्यासाठी जंगल तुटले का, खत किती गेले, हे सगळे धुराड्याच्या अलीकडे घडते. वापरलेल्या तेलापासून केलेले इंधन आणि जंगल तोडून लावलेल्या पामच्या तेलापासून केलेले इंधन यांचे नाव एकच, परिणाम परस्परविरोधी. पुरवठादाराकडून कच्च्या मालाचे प्रमाणपत्र मिळत नसेल तर उत्सर्जनातली घट हिशेबात धरू नये. वापरातही दोन गोष्टी सांभाळा. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सुटा करते, त्यामुळे बदलानंतरच्या पहिल्या काही टाक्यांत इंधन फिल्टर तुंबतात. ज्यादा फिल्टर भांडारात आणून ठेवा, नाहीतर दोष इंधनाच्या माथी बसतो आणि योजना गुंडाळली जाते. दुसरे म्हणजे ते पाणी शोषते आणि दीर्घकाळ साठवले की खराब होते. क्वचित निघणारी अग्निशमन वाहने आणि आपत्कालीन जनरेटर यांत ते भरून ठेवू नका. हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेले नवीकरणीय डिझेल याला अपवाद आहे. ते रासायनिकदृष्ट्या साध्या डिझेलसारखेच असते आणि टिकते. ज्या जड गाड्यांना अजून विजेचा पर्याय नाही आणि ज्यांच्या निर्लेखनाला अजून दहा वर्षे आहेत, त्यांच्यासाठी मला ते सर्वांत उपयोगी वाटते, कारण नवी गाडीच घ्यावी लागत नाही.

हायड्रोजनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बसला १०० किलोमीटरला ८ किलो हायड्रोजन लागतो असे धरा. तो विजेवर बनवून दाबाखाली भरायला किलोमागे ५५ ते ६० युनिट लागतात, म्हणजे किमान ४४० युनिट. बॅटरीच्या बसला तेच अंतर १३३ युनिटांत जाता येते. कोळशाच्या विजेवर केलेला हायड्रोजन डिझेलच्या दुपटीहून जास्त उत्सर्जन करतो. नैसर्गिक वायूपासून केलेल्याचे कारखान्यातलेच उत्सर्जन किलोमागे ९-१० किलो असते. रात्री आगारात परतणाऱ्या गाड्यांसाठी हा पर्याय आज विचारात घेण्याचे कारण मला दिसत नाही.

साध्या, म्हणजे बाहेरून चार्ज न करावी लागणाऱ्या हायब्रिडला मात्र जागा ठेवा. चार्जिंगची सोय नाही, गाडी शहरात सतत थांबत-थांबत चालते, अशा ठिकाणी ती काहीही उभारणी न करता पेट्रोल वाचवते.

हवामानाखेरीज लोकांच्या श्वासात जाणाऱ्या काजळीचा आणि नायट्रोजन ऑक्साइडचा वेगळा रकाना ठेवा आणि तो कार्बनच्या रकान्यात मिसळू नका. कचरागाडी पहाटे घराघरांच्या खिडक्यांखाली इंजिन चालू ठेवून उभी असते. तिने सोडलेला एक ग्रॅम आणि महामार्गावर सोडलेला एक ग्रॅम यांचा माणसांवरचा परिणाम सारखा नाही. प्रमाणपत्रावरच्या आकड्यांवर विसंबू नये हे तर २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणानंतर सांगायला नको. चाचणीत नियमात बसणाऱ्या त्या डिझेल मोटारी रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या.

हा सगळा हिशेब मांडायला अमेरिकेतल्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे ‘एफ्लीट’ हे मोफत साधन चांगले आहे. त्याच्या उत्सर्जनाच्या बाजूला त्याच संस्थेचे ‘ग्रीट’ हे प्रतिमान (हिशेबाचे मॉडेल) आहे. त्यातले तयार आकडे अमेरिकेचे आहेत, म्हणून वीज, इंधनाचे भाव, वार्षिक किलोमीटर आणि गाडीचे आयुष्य हे आपले भरावे. साधन कोणतेही असो, साध्या स्प्रेडशीटवरही हे होते.

शेवटी पर्यायांची क्रमवारी लावताना जादा खर्च भागिले वाचलेले टन, म्हणजे टनामागचा खर्च, हे माप वापरतात. त्यात एक खाच आहे. पर्याय पैसेही वाचवत असेल तर हा आकडा ऋण येतो आणि क्रमवारी उलटी लागते. एका पर्यायाने २ लाख वाचतात आणि १० टन घटतात. दुसऱ्याने २ लाखच वाचतात पण २० टन घटतात. टनामागे पहिल्याचे उणे २० हजार आणि दुसऱ्याचे उणे १० हजार येतात, आणि तक्त्यात पहिला सरस दिसतो, जरी दुसरा उघडच चांगला आहे. म्हणून पैसे वाचवणारे पर्याय भागाकार न करता बाजूला काढा आणि एकूण टनांच्या उतरत्या क्रमाने आधी मंजूर करा. टनामागचा खर्च फक्त ज्यांना जादा पैसे लागतात त्यांच्यासाठी वापरा. आणि प्रत्येक पर्यायासमोर तो कोणत्या आकड्याला उलटतो ते लिहा: वार्षिक किलोमीटर इतक्याखाली गेले तर, विजेचा दर इतका चढला तर, लिलावात काहीच मिळाले नाही तर. मंजुरी देणाऱ्याला हा एक रकाना बाकीच्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

निविदेत किलोमीटरमागचा वीजवापर तुमच्या मार्गावर, भरलेल्या गाडीत, एसी चालू ठेवून मोजला जाईल आणि त्याच्या वर गेल्यास फरक पुरवठादार भरेल, अशी अट घाला. बॅटरीची उरलेली क्षमता कोणत्या वर्षी किती टक्क्यांच्या खाली जाता कामा नये हे लिहा आणि ती कोण, कशी मोजणार हेही. गाडीतली आकडेवारी संस्थेच्या मालकीची राहील आणि चार्जर दुसऱ्या कंपनीच्या गाडीलाही चालेल, हे वेगळ्या कलमात नोंदवा. पूर्ण संख्येचे मागणीपत्र देण्याआधी त्याच कामावर, त्याच चालकांसह काही गाड्या वर्षातला सर्वांत कठीण महिना धरून चालवा, आणि त्यातून निघालेला किलोमीटरमागचा आकडा मूळ तक्त्यात घालून पैसे फिटण्याचे किलोमीटर पुन्हा काढा.